आधी पाऊल, मागाहून मस्तक

ज्यांच्या स्मरणार्थ शाळेने ही व्याख्यानमाला चालविली आहे ते शास्त्राचे शिक्षक होते. त्यांच्या नावाने होणारे व्याख्यान मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने द्यावे, आणि तेही मानवाच्या अतिप्राचीन पूर्वजांच्या शरीररचनेवर, हे काही श्रोत्यांना चमत्कारिक वाटेल. माझ्यापुरते उत्तर सरळ आहे. ज्याने आयुष्यभर शब्दांची जुनी रूपे धुंडाळली, त्याला हाडांची जुनी रूपे अगदीच परकी वाटत नाहीत. दोन्हीकडे पुरावा तुटपुंजा, मधले दुवे गहाळ, आणि दोन्हीकडे विद्वानांचे पूर्वग्रह पुराव्याच्या पुढे धावणारे. या शेवटच्या गोष्टीविषयीच मला आज मुख्यतः बोलावयाचे आहे.

एक चित्र आपण सर्वांनी पाहिलेले आहे. डावीकडे वाकलेले वानर, त्याच्यापुढे जरा कमी वाकलेला प्राणी, मग आणखी ताठ, आणि शेवटी उजवीकडे छाती काढून चालणारा मनुष्य. १९६५ साली अमेरिकेत ‘अर्ली मॅन’ या पुस्तकासाठी रुडॉल्फ झॅलिंगर या चित्रकाराने ही मिरवणूक काढली, आणि तेव्हापासून वह्यांच्या वेष्टनांपासून जाहिरातींपर्यंत तिची असंख्य संक्षिप्त रूपे निघाली. या संक्षिप्त रूपांनी आपल्या मनात दोन समजुती घट्ट बसविल्या. एक अशी, की आजचे वानर हेच आपले पूर्वज. दुसरी अशी, की पाठ जसजशी सरळ होत गेली तसतसे डोके मोठे होत गेले. म्हणजे माणूस सगळ्या अंगांनी सारखाच आणि हळूहळू माणूस झाला. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

पहिलीचे निरसन आपल्या इंदुरात करणे फार सोपे आहे. आपण घरात मराठी बोलतो आणि बाजारात हिंदी. मराठी ही हिंदीपासून निघाली असे कोणी म्हटले तर आपण त्याला हसू. एक महाराष्ट्री प्राकृताच्या वळणाने आली, दुसरी शौरसेनीच्या. मागे, फार मागे, दोघींचे मूळ एक. चिंपांझी आणि माणूस यांचे नाते असेच आहे. चिंपांझी हा आपला आजोबा नव्हे, तो चुलतभाऊ होय. दोघांचा समाईक पूर्वज साधारणपणे साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी, कदाचित त्याच्याही थोडा आधी, आफ्रिकेत होऊन गेला. तो आजच्या चिंपांझीसारखा हुबेहूब होता असे मानण्यालाही आधार नाही, कारण तितकीच वर्षे चिंपांझीच्या घराण्यालाही बदलण्यास मिळाली आहेत.

याच अनुषंगाने आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. संस्कृतातील ‘पाद’ प्राकृतात ‘पाअ’ झाला आणि मराठीत ‘पाय’. प्राकृत बोलणारी माणसे ‘पाअ’ म्हणत असत तेव्हा त्यांना आपण अर्धवट ‘पाय’ म्हणत आहोत असे वाटत नव्हते. तो त्यांच्या काळातला पुरता, व्यवहारात चालणारा शब्द होता. आता ज्या प्राण्यांविषयी आपण बोलणार आहोत त्यांच्याकडेही असेच पाहावे. ते अर्धवट माणसे नव्हते. त्यांच्यातील एका जातीने सुमारे नऊ लाख वर्षे या पृथ्वीवर संसार केला. आपल्या जातीला अद्याप त्याच्या निम्मीही वर्षे झालेली नाहीत.

दुसऱ्या समजुतीकडे वळतो, कारण खरा इतिहास तेथे आहे. चार्ल्स डार्विन यांनी १८७१ साली मानवाच्या वंशावर ग्रंथ लिहिला, त्या वेळी आफ्रिकेतले एकही पूर्वज-हाड कोणाच्या हाती नव्हते. तरी त्यांनी आफ्रिकेकडे बोट दाखविले, ही त्यांची दूरदृष्टी. दोन पायांवर उभे राहणे, हात मोकळे होणे, हत्यारे वापरणे, सुळे लहान होणे, बुद्धी वाढणे या सर्व गोष्टी त्यांनी एका वेणीत गुंफल्या. एक बट ओढली की बाकीच्या सोबत येतात, अशी ती कल्पना होती. त्यांच्यानंतरच्या पंडितांनी त्या वेणीतली एकच बट पुढे केली आणि ती म्हणजे मेंदू. माणसाचे मोठेपण बुद्धीत आहे, तेव्हा बुद्धीनेच वाट दाखविली असली पाहिजे आणि शरीर तिच्यामागून आले असले पाहिजे, असा त्यांचा कौल. पुस्तकांत आयुष्य घालविणाऱ्यांना हा कौल गोड वाटावा यात नवल नाही.

मग हवा तसा पुरावाही मिळाला. १९१२ साली इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यातील पिल्टडाउन येथे वाळू-गोट्यांच्या खाणीत एक कवटी आणि जबडा सापडल्याचे चार्ल्स डॉसन आणि आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी जाहीर केले. कवटी मोठी, माणसाची, जबडा वानराचा. मेंदू आधी वाढला, बाकीचे अंग मागे रेंगाळले, हे मत जणू कोणी मागणीबरहुकूम घडवून दिले होते. आणि खरोखरच ते कोणी घडविलेलेच होते. १९५३ साली सिद्ध झाले की कवटी अलीकडच्या माणसाची होती, जबडा ओरांगउटानचा होता, दात कानशीने घासलेले होते आणि सर्व हाडांना रंग देऊन जुनेपण आणलेले होते. चाळीस वर्षे हा बनाव चालला, तो घडविणाऱ्याच्या कौशल्यापेक्षा पाहणाऱ्यांच्या इच्छेमुळे.

या चाळीस वर्षांत एका खऱ्या शोधाची मात्र उपेक्षा झाली. १९२४ साली दक्षिण आफ्रिकेतील टाउंग येथील चुनखडीच्या खाणीतून निघालेल्या दगडांची खोकी जोहान्सबर्गला शरीररचनाशास्त्राचे तिशीतले प्राध्यापक रेमंड डार्ट यांच्या घरी येऊन पडली. ते त्या वेळी एका मित्राच्या लग्नासाठी कपडे करीत होते, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. पत्नीच्या विणकामाच्या सुया तासून त्यांनी आठवडेच्या आठवडे दगड कोरला आणि आतून तीन-चार वर्षांच्या बाळाचा चेहरा बाहेर आला. मेंदू वानराएवढाच लहान. परंतु डार्ट यांचे लक्ष गेले ते कवटीच्या तळाकडे.

आपल्या कवटीच्या तळाशी एक मोठे छिद्र असते. त्यातून मेंदूखालची मज्जारज्जू पाठीच्या कण्यात उतरते. चार पायांवर चालणाऱ्या प्राण्यात हे छिद्र कवटीच्या मागील बाजूस असते, कारण त्याचे डोके कण्याच्या पुढे टांगलेले असते. माणसात ते तळाच्या मध्याकडे सरकलेले असते, कारण आपले डोके कण्यावर, खांबावर कलश ठेवावा तसे, तोललेले आहे. टाउंगच्या बाळाचे छिद्र पुढे सरकलेले होते. डार्ट यांनी फेब्रुवारी १९२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात लिहिले, की हा प्राणी दोन पायांवर चालत होता, आणि त्यांनी त्याला ‘ऑस्ट्रॅलोपिथेकस आफ्रिकानस’, म्हणजे आफ्रिकेतील दक्षिणी वानर, हे नाव दिले. लंडनच्या मान्यवरांनी ते बाळ वानराचे ठरवून मोकळे केले. पुढे रॉबर्ट ब्रूम यांना स्टर्कफोंटेन येथे प्रौढ प्राण्यांचे अवशेष मिळाले, त्यांत १९४७ साली कमरेचे हाडही मिळाले, तेव्हा वाद मिटू लागला. सर आर्थर कीथ हे डार्ट यांचे प्रमुख विरोधक. त्यांनी त्याच वर्षी डार्ट यांचे म्हणणे खरे होते हे छापील शब्दांत मान्य केले. विद्वत्तेच्या क्षेत्रात अशी कबुली किती दुर्मीळ असते हे मी वेगळे सांगावयास नको. (टाउंगच्या त्या बाळाचा अंत बहुधा एखाद्या मोठ्या गरुडाच्या पंज्यात झाला असावा, डोळ्यांच्या खोबणीतील खुणांवरून अलीकडे तसे मानले जाते. एवढ्या मोठ्या वादाचा नायक पक्ष्याचे भक्ष्य झालेला एक तान्हुला!)

डोके नव्हे, पाय आधी, याचा निर्णायक पुरावा पूर्व आफ्रिकेने दिला. इथिओपियातील हडार येथे १९७३ साली डोनाल्ड जोहान्सन यांना गुडघ्याचा एक सांधा मिळाला. गुडघ्यावरून काय कळणार असे वाटेल. पण पुष्कळ कळते. आपण ताठ उभे राहिलो की मांडीची हाडे कमरेपासून सरळ खाली येत नाहीत. ती तिरपी आत येतात आणि दोन्ही गुडघे जवळजवळ येतात. चालताना एक पाय उचलला की शरीराचा सारा भार दुसऱ्यावर पडतो; तो पाय शरीराच्या मध्याखाली असला तरच आपण कलंडत नाही. चिंपांझीचे मांडीचे हाड सरळ खाली येते, म्हणून तो दोन पायांवर चालू लागला की प्रत्येक पावलाला डावी-उजवीकडे झुलतो. हडारचा गुडघा तिरप्या मांडीचा होता.

पुढच्याच वर्षी, २४ नोव्हेंबर १९७४ रोजी, त्याच परिसरात जोहान्सन यांना एका मादीचे सुमारे चाळीस टक्के अस्थिपंजर मिळाले. छावणीत त्या रात्री बीटल्सचे एक गाणे वाजत होते, त्यावरून तिचे नाव ल्युसी पडले. इथिओपियाचे लोक तिला ‘दिंकिनेश’ म्हणतात. अम्हारिक भाषेत त्याचा अर्थ ‘तू अद्भुत आहेस’. मला हे दुसरे नाव अधिक आवडते. तिचे वय सुमारे बत्तीस लाख वर्षे, उंची जेमतेम साडेतीन फूट. तिच्या जातीला ‘ऑस्ट्रॅलोपिथेकस अफारेन्सिस’ म्हणतात आणि त्या जातीच्या मेंदूचे आकारमान चारशे ते साडेपाचशे घनसेंटिमीटरच्या आसपास येते. चिंपांझीचा मेंदू चारशेच्या जवळपास, आपला साडेतेराशेच्या. म्हणजे डोक्याने ती वानराच्या पंगतीत बसणारी.

कमरेने मात्र ती आपल्या पंगतीत येते. वानराच्या कमरेचे हाड उंच आणि चपटे, पाठीला फळी लावल्यासारखे असते. ल्युसीचे ते आखूड, रुंद आणि बाजूंनी वळलेले आहे, परातीच्या काठासारखे. या वळणामुळे नितंबाचे काही स्नायू मागून बाजूला आले. आपण एक पाय उचलतो तेव्हा कंबर त्या बाजूला खाली पडू नये म्हणून हेच बाजूचे स्नायू तिला आवरून धरतात. कमरेवर हात ठेवून चार पावले टाकून पाहा. उभ्या पायाच्या बाजूचा स्नायू हाताखाली घट्ट होतो तो स्पष्ट कळेल. ल्युसी झाडावर चढत असे याच्याही खुणा आहेत. तिचे हात पायांच्या मानाने लांब आहेत आणि बोटांची हाडे फांदी धरणाऱ्या प्राण्यासारखी वक्र आहेत. ती झाडावरून पडून मेली असे एका संशोधक गटाने २०१६ साली मांडले. जोहान्सन यांना ते पटले नाही, कारण तशा भेगा तेथील इतर प्राण्यांच्या हाडांतही दिसतात. कसेही असो, दिवसा जमिनीवर आणि संकटात किंवा रात्री झाडावर, असे तिचे आयुष्य असावे.

हाडांवरून चाल ओळखणे हे शेवटी अनुमानच. साक्षात चाल पाहावयास मिळाली ती टांझानियातील लेटोली येथे. सुमारे ३६ लाख ६० हजार वर्षांपूर्वी तेथे ज्वालामुखीची राख पडली, तीवर पावसाचे हलके शिंतोडे आले, आणि त्या ओल्या राखेवरून हत्ती, जिराफ, ससे, पक्षी असे कितीतरी प्राणी चालत गेले. राख सुकून सिमेंटसारखी घट्ट झाली आणि तीवर पुन्हा राख पडून सारे झाकले गेले. १९७६ साली मेरी लीकी यांच्या तुकडीला प्राण्यांच्या पावलांचे ठसे दिसले. ते कसे दिसले याची हकिकत मोठी गमतीची आहे: काही तरुण संशोधक हत्तीच्या वाळलेल्या शेणाचे गोळे एकमेकांना मारीत होते, त्यांतला एक चुकवण्यासाठी खाली पडला आणि त्याचे नाक ठशांपाशी आले. दोन वर्षांनी, १९७८ मध्ये, त्याच राखेत दोन पायांवर चालणाऱ्यांची वाट मिळाली. सुमारे सत्तावीस मीटर लांब, सत्तरेक ठसे. लहान पाऊल अठरा सेंटिमीटरांच्या थोडे पुढे, मोठे एकवीसच्या थोडे पुढे. आणि मोठ्या ठशांत दुसऱ्या कोणाची पावले पडलेली, म्हणजे तीन जण.

त्या ठशांत टाच आधी टेकलेली आहे. पायाचा अंगठा इतर बोटांच्या ओळीत आहे, वानराप्रमाणे हाताच्या अंगठ्यासारखा बाजूला फाकलेला नाही. शेवटी अंगठ्याने जमीन मागे रेटलेली आहे. आपण ओल्या वाळूवरून चालत गेलो तर जे उमटेल त्याच्याशी ते फार मिळते. हाताने उचलण्याजोगे एकही दगडी हत्यार त्या काळापासूनचे मिळालेले नाही. आज ठाऊक असलेली सर्वांत जुनी दगडी हत्यारे केनियातील लोमेक्वी येथील, ३३ लाख वर्षांपूर्वीची. आणि मेंदू लक्षात येण्याजोगा वाढू लागला तो वीस लाख वर्षांच्या सुमारास. डार्विन यांच्या वेणीच्या बटा अशा सुट्या झाल्या. चालणे एका काळी आले, दगड फोडणे दुसऱ्या काळी, बुद्धी तिसऱ्या काळी. आणि दोन टप्प्यांमधील अंतर लाखो वर्षांचे.

मग हे प्राणी उभे का राहिले? शाळेत आम्हांला सांगत असत की जंगले आटली, गवताळ मैदाने पसरली, उंच गवतापलीकडे पाहण्यासाठी पूर्वज उभा राहिला. ही गोष्ट आता इतकी सोपी राहिलेली नाही. इथिओपियातच १९९४ पासून मिळालेल्या आणि २००९ साली सविस्तर प्रसिद्ध झालेल्या ‘आर्डी’ या ४४ लाख वर्षांपूर्वीच्या मादीने ती गुंतागुंतीची केली. तिच्या पायाचा अंगठा अजून फांदी धरण्याजोगा फाकलेला आहे, पण कमरेच्या वरच्या भागावरून ती जमिनीवर दोन पायांनी चालू शकत असावी असे तिच्या अभ्यासकांना वाटते. आणि ती राहत होती ती झाडीत. म्हणजे जंगल सोडण्यापूर्वीच उभे राहण्याचा प्रारंभ झालेला दिसतो. त्याच्याही मागे, चाड देशात २००१ साली सापडलेल्या सुमारे सत्तर लाख वर्षांपूर्वीच्या कवटीचा आणि तिच्यासोबतच्या मांडीच्या हाडाचा वाद आहे. तो प्राणी दोन पायांवर चालत होता असे २०२२ साली एका गटाने मांडले, दुसऱ्यांनी ते नाकारले.

कारणांपैकी मला सर्वांत पटणारे कारण रुक्ष आहे आणि ते खर्चाचे आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चिंपांझींना आणि माणसांना चालत्या पट्ट्यावर चालवून ते किती प्राणवायू वापरतात हे मोजले गेले. चालणाऱ्या माणसाला चिंपांझीच्या सुमारे एक चतुर्थांश शक्ती पुरते. फळझाडे एकमेकांपासून दूर जाऊ लागली, रोज अधिक अंतर तुडवावे लागले, तर ज्याची चाल स्वस्त त्याचे पोट भरले. हात मोकळे झाल्याने अन्न वाहून नेता आले, माथ्यावरच्या सूर्याचे ऊन उभ्या शरीरावर कमी पडले, ही कारणेही दिली जातात आणि ती एकमेकांना मारक नाहीत. इतक्या मोठ्या बदलाला एकच कारण शोधण्याचा हव्यास मी भाषेच्या अभ्यासात पुष्कळ पाहिला आहे, आणि त्यातून सहसा चांगले काही निघत नाही.

आपल्या बांध्याचा पहिला माणूस पाहावयाचा तर केनियातील तुर्काना सरोवराच्या काठी जावे लागते. तेथे १९८४ साली कामोया किमेउ या केनियन शोधकाला एका मुलाचे जवळजवळ संपूर्ण अस्थिपंजर मिळाले. पंधरा-सोळा लाख वर्षांपूर्वीचा हा ‘होमो इरेक्टस’ जातीचा मुलगा वाढत्या वयात मेला, तरी त्याची उंची पाच फुटांच्या पुढे होती. पाय लांब, हात त्यामानाने आखूड, कंबर निमुळती. झाडाचा आश्रय सुटलेला आणि उघड्या मैदानात दूरवर चालणारा, कदाचित धावणाराही, असा हा देह आहे. आपल्या अंगावर वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी आहेत आणि केस अगदी विरळ. भर उन्हात अंग घामाने निववीत चालत राहण्याची ही सोय याच सुमारास आली असावी असा तर्क आहे. कातडी अश्मीभूत होत नाही, म्हणून तर्काच्या पुढे जाता येत नाही. त्या मुलाचा मेंदू ८८० घनसेंटिमीटर होता. ल्युसीच्या जातीच्या जवळजवळ दुप्पट, तरी आपल्या दोन तृतीयांशच. शरीर मानेखाली बहुतांशी आपले झालेले आणि मस्तक अद्याप वाटेत, हे त्या मुलाइतके दुसरीकडे कोठे स्पष्ट दिसत नाही.

या क्रमाची किंमत आपण आजही मोजीत आहोत. उत्क्रांती जुने घर पाडून नवे बांधीत नाही; राहत्या घरातच ती भिंती सरकवते. आडव्या तुळईसारखा वापरण्यासाठी घडलेला कणा उभा खांब म्हणून वापरात आला. तो सरळ उभा केला तर धड पुढे कलंडेल, म्हणून कमरेपाशी त्याला आत वळण द्यावे लागले. सारा भार त्या वळणातल्या खालच्या दोन-तीन मणक्यांवर येतो, आणि माझ्या वयाच्या श्रोत्यांना त्या मणक्यांचे स्थान नकाशावाचून सांगता येईल. स्त्रीच्या बाबतीत तर हा हिशेब आणखी बारकाईने बसविलेला आहे. गरोदरपणी पोटाचा भार पुढे जातो; तो तोलण्यासाठी कमरेचे वळण अधिक खोल करावे लागते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दाखविले गेले की पुरुषांत हे वळण दोन मणक्यांवर पसरलेले असते आणि स्त्रियांत तीन मणक्यांवर, त्यामुळे मणके एकमेकांवरून घसरण्याचा धोका कमी होतो. हाच भेद ऑस्ट्रॅलोपिथेकसच्या मणक्यांतही आढळला. वीस-पंचवीस लाख वर्षांपूर्वीची गर्भवती आई दोन पायांवर चालत होती आणि तिच्या पाठीची तजवीज तेव्हाच झालेली होती! विमानांनी आणि यंत्रांनी मला जितके चकित केले नाही तितके या तीन मणक्यांनी केले.

त्याहून अवघड पेच प्रसूतीचा. कंबर चालण्यासाठी घडली तेव्हा मेंदू लहान होता, म्हणून तेव्हा फारसे अडले नाही. पुढे मस्तक वाढू लागले आणि त्याला वाट त्याच कमरेतून होती. मानवी बाळाला जन्मताना या चिंचोळ्या वाटेत वळावे लागते, आणि बहुधा त्याचे तोंड आईच्या पाठीकडे होऊन ते बाहेर येते. चिंपांझीची मादी एकांतात विते. माणसात मात्र बहुतेक सर्व समाजांत बाळंतिणीपाशी दुसरी बाई असते. सुईण हा माणसाचा सर्वांत जुना व्यवसाय असला पाहिजे, असे मानणारे अभ्यासक आहेत आणि मला ते मनापासून पटते. शिवाय आपले बाळ जन्मते तेव्हा त्याचा मेंदू प्रौढाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही लहान असतो. उरलेली वाढ बाहेर, आईच्या कडेवर, माणसांच्या बोलण्याच्या गराड्यात होते. केवळ कंबर अरुंद म्हणून मूल लवकर जन्मते, की पोटातल्या गर्भाला याहून अधिक पोसणे आईच्या शरीराला झेपत नाही म्हणून, यावर २०१२ पासून जोरदार वाद आहे. भाषेच्या शिक्षकाला त्यातला परिणाम महत्त्वाचा वाटतो: ज्या काळात मेंदू सर्वांत वेगाने वाढतो, त्याच काळात बाळाच्या कानावर भाषा पडत असते.

भारताचा या कथेत दोन ठिकाणी प्रवेश होतो, आणि पहिल्या ठिकाणी आपण जरा जपून बोलले पाहिजे. शिवालिकच्या टेकड्यांत १९३२ साली जी. ई. लुइस यांना जबड्याचा एक तुकडा मिळाला. त्याला त्यांनी ‘रामापिथेकस’ म्हटले. १९६० नंतरच्या दशकात तो मानवाचा आद्य पूर्वज म्हणून पाठ्यपुस्तकांत विराजमान झाला, आणि रामाचे नाव असल्यामुळे आपल्याकडे त्याचे कौतुक जरा अधिकच झाले. तो दोन पायांवर चालत असावा असेही लिहिले गेले. पायाचे एकही हाड हाती नव्हते! सारे अनुमान दातांवरून आणि जबड्यावरून. पुढे रक्तातील प्रथिनांच्या अभ्यासावरून माणूस आणि चिंपांझी फार अलीकडे वेगळे झाले असे दिसले, आणि १९८२ साली पाकिस्तानातील पोटवार पठारावरच्या एका चेहऱ्याचे वर्णन प्रसिद्ध झाले, तेव्हा हे सारे घराणे ओरांगउटानचे आप्त ठरले. रामापिथेकस हे नावही आता शिवापिथेकसमध्ये विलीन झाले आहे. पिल्टडाउनमध्ये लबाडी होती, येथे नव्हती. परंतु पाय पाहण्याआधी माणूस ठरविण्याची घाई दोन्हीकडे तीच होती.

हे सांगण्याचे आणखी एक प्रयोजन आहे. २०२३ साली दहावीच्या एन.सी.ई.आर.टी. पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, आनुवंशिकतेचा उरला. अकरावी-बारावीला जीवशास्त्र घेणाऱ्यांना तो पुढे मिळतो. वाणिज्य किंवा कला घेणारे मूल मात्र डार्विनचे नाव धड न ऐकता शाळेबाहेर पडू शकते. भार कमी करण्यासाठी हे केले असे सांगण्यात आले. भार मलाही मान्य आहे, पण आपली पाठ का दुखते आणि आपली आई आपल्याला जन्म देताना इतकी का कष्टली, हे ज्या धड्यातून कळते तो धडा ओझ्यात धरावा हे मला मान्य नाही. शाळेला तो धडा शिकविण्यापासून कोणी अडविलेले नाही.

भारताचा दुसरा प्रवेश नर्मदेच्या काठचा, म्हणजे आपल्याच अंगणातला. ५ डिसेंबर १९८२ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना सिहोर जिल्ह्यातील हाथनोरा या गावापाशी, नदीकाठच्या दगडगोट्यांच्या थरात, कवटीचा उजवा भाग मिळाला. त्या थरात हत्ती-घोड्यांसारख्या प्राण्यांची हाडे आणि दगडी कुऱ्हाडीही आहेत. सोनकिया यांनी तिला होमो इरेक्टसची नर्मदा-शाखा म्हटले. १९९१ साली केनेथ केनेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पुन्हा मोजली आणि मेंदू साधारण साडेअकराशे ते चौदाशे घनसेंटिमीटर धरला. त्यांच्या मते ती इरेक्टसहून पुढची, आपल्या जातीच्या प्राचीन रूपाजवळची. नावावर आणि वयावर आजही एकमत नाही. पुढे त्याच परिसरात गळपट्टीचे हाड मिळाले, तेही आश्चर्य वाटावे इतके आखूड. येथे गोष्ट उलटी आहे: मस्तक पुष्कळसे हाती आले, चालीविषयी सांगण्याजोगे फार थोडे मिळाले.

शाळेची सहल महेश्वरला आणि ओंकारेश्वरला जाते. एखाद्या वर्षी तिने नर्मदापुरमच्या बाजूने हाथनोराला जावे, अशी माझी शिक्षकांना विनंती आहे. नदीने कापलेला काठ आणि त्यातला गोट्यांचा थर मुलांना दाखवावा. तेथून काहीही उचलून मात्र आणू देऊ नये. हाड असो की दगड, थरातून सुटले की त्याचे वय सांगणारा साक्षीदार जातो.